दमा आहे की नाही? श्वासनळीचा चिडखोरपणा मोजणारी तपासणी



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांमधून आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या वाड्यांवरून आला. "छातीचा फोटो काढला, तो चांगला आहे. थुंकी तपासली, टीबी नाही. नळीत फुंकायची तपासणी केली, तीही चांगली आली. मग रात्री तीन वाजता माझी छाती का भरते?"

याच्या मागोमाग दुसरं वाक्य येतं, ते जास्त लागतं. घरची माणसं म्हणतात, "सगळे रिपोर्ट चांगले आहेत, म्हणजे हिला काही झालेलं नाही. बरी लावणीच्या टायमालाच हिला धाप लागते!" अशा बाईला धापेचा त्रास होतोच, शिवाय कामचुकार म्हणून बोलणी खावी लागतात.

याच्या उलट बायकाही आम्हाला भेटतात. कुणीतरी कधीतरी "दमा आहे" असं सांगितलं, तेव्हापासून वर्षानुवर्षं औषध चालू आहे आणि फरक काहीच नाही. दमा खरंच आहे का, हे कुणी मोजून पाहिलेलंच नाही.

आजचं बोलणं या दोघींसाठी आहे. दमा मोजून बघता येतो. त्यातल्या एका खास तपासणीची माहिती आम्ही छातीच्या डॉक्टरांना विचारून आणि वाचून गोळा केली आहे. ती तुमच्या-आमच्या भाषेत सांगतो.

दमा म्हणजे काय होतं?

आपली मुख्य श्वासनळी छातीत उतरली की तिला फांद्या फुटतात. त्या फांद्यांना आणखी बारीक फांद्या फुटतात. या नळ्यांच्या भोवती स्नायूंचे वेढे असतात आणि आतून ओलसर अस्तर असतं. दम्यात तीन गोष्टी होतात. वेढे आवळले जातात, अस्तर सुजतं आणि आत चिकट कफ साठतो. वाट अरुंद झाली की हवा शिट्टी वाजवत जाते. तीच आपली घरघर.

दम्याची खूण म्हणजे हा त्रास येतो आणि जातो. पहाटे घरघर, दुपारी काही नाही. भाद्रपदात बेजार, फाल्गुनात ठणठणीत. चरकसंहितेत 'तमक श्वास' नावाने या दुखण्याचं वर्णन आहे. ढगाळ हवा, पाऊस, गारवा यांनी ते वाढतं, आडवं पडलं की त्रास होतो आणि उठून बसलं की बरं वाटतं, असं तिथे सांगितलं आहे. आपल्याकडच्या दमेकरी माणसाला हे वेगळं सांगायला नको.

येण्या-जाण्याच्या या सवयीमुळेच तपासणी चकते. तुम्ही सकाळची एसटी पकडून तालुक्याला गेलात. वाटेत बरं वाटायला लागलं. डॉक्टरांसमोर बसलात तेव्हा छाती मोकळी होती. आवाज नाही, घरघर नाही, फोटो स्वच्छ. दमा असलेल्या माणसाच्या छातीचा फोटो बहुतेक वेळा चांगलाच येतो. फोटो काढतात तो टीबी, न्यूमोनिया असं दुसरं काही नाही ना हे बघायला. म्हणून फोटो चांगला आला याचा अर्थ दमा नाही, असा होत नाही.

पहिली पायरी : फुंकणी

चुलीसमोर बसून आपण फुंकणी कितीदा फुंकली असेल, त्याला गणती नाही. स्पायरोमेट्री ही तपासणी तशीच आहे. नाकाला चिमटा लावतात, छाती भरून श्वास घ्यायला सांगतात आणि नळीत जोरात, एका दमात, छाती पूर्ण रिकामी होईपर्यंत फुंकायला सांगतात. यंत्र दोन गोष्टी मोजतं. एकूण हवा किती बाहेर आली आणि त्यातली पहिल्या एका सेकंदात किती आली.

पहिल्या सेकंदाचा आकडा महत्त्वाचा. तरण्या, निरोगी माणसाच्या छातीतली चारातली तीन भाग हवा किंवा त्याहून जास्त पहिल्याच सेकंदात बाहेर पडते. फुंकणीत काजळी साठली की कितीही जोर लावा, वारा हळूच येतो. श्वासनळ्या अरुंद झाल्या की तसंच होतं. एकूण हवा तेवढीच, पण बाहेर पडायला वेळ जास्त.

आकडा कमी आला तर डॉक्टर पंपातून नळ्या मोकळ्या करणारं औषध देतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. समजा पहिल्यांदा एका सेकंदात १.६ लिटर हवा आली आणि औषधानंतर १.९ लिटर आली. ३०० मिलिलिटरची वाढ झाली, म्हणजे जवळजवळ १९ टक्के. मोठ्या माणसात १२ टक्क्यांहून आणि २०० मिलिलिटरहून जास्त वाढ झाली तर आवळलेल्या नळ्या औषधाने सुटल्या असं धरतात. लक्षणंही तशीच असतील, तर दम्याचा पुरावा बराच पक्का झाला.

पण सुरुवातीचाच आकडा चांगला आला तर? नळ्या त्या दिवशी उघड्याच होत्या, तर औषध आणखी काय उघडणार? आमच्या मैत्रिणींचा प्रश्न नेमका इथे अडतो आणि आजची तपासणी इथेच कामाला येते.

दुसरी पायरी : लाजाळूला बोट लावून बघणं

पावसाळ्यात बांधावर लाजाळू उगवते. बोट लावलं की पानं मिटतात. शेजारच्या आंब्याच्या पानाला कितीही हात लावा, त्याला काही होत नाही. नुसतं लांबून बघितलं तर लाजाळू इतर झुडपांसारखीच दिसते. ती लाजाळू आहे हे बोट लावल्यावरच कळतं.

दमा असलेल्या माणसाची श्वासनळी लाजाळूसारखी असते. धूर, धूळ, गार वारा, सर्दी, जोराचं हसणं, चढण अशा साध्या गोष्टींनी ती आवळते. दुसऱ्याच्या नळीला तेवढ्याने काही होत नाही. या चिडखोरपणाला डॉक्टर 'हायपर-रिॲक्टिव्हिटी' म्हणतात. तपासणीत मोजून मापून, अगदी हलकं बोट लावून बघतात, की ही नळी मिटते का आणि किती हलक्या स्पर्शाला मिटते.

यासाठी बहुतेक ठिकाणी मेथॅकोलिन नावाचं औषध वापरतात. वास, धूळ, परागकण यांच्याशी त्याचा संबंध नाही. ते श्वासनळीभोवतीच्या स्नायूला थेट आवळायला लावतं. त्याचा परिणाम थोडा वेळ राहतो आणि उतरतो.

तपासणी अशी चालते. आधी साधं फुंकून घेतात. मग मिठाच्या पाण्याची वाफ हुंगायला देतात आणि पुन्हा फुंकायला सांगतात. आकडा जवळपास तेवढाच राहिला की मेथॅकोलिनचं अगदी सौम्य पाणी वाफेतून देतात. दीड-दोन मिनिटांच्या आत पुन्हा फुंकायचं. फरक नसेल तर पुढचं पाणी दुप्पट किंवा चौपट तीव्र. पुन्हा फुंकायचं. असं पायरी-पायरीने चढत जातात.

थांबायचं कुठे? पहिल्या सेकंदाची हवा सुरुवातीपेक्षा २० टक्के कमी झाली की तिथे. सुरुवातीला २ लिटर होती, ती १.६ लिटरवर आली की तपासणी संपली. लगेच नळ्या मोकळ्या करणारा पंप देतात आणि आकडा पूर्ववत झाल्याशिवाय घरी सोडत नाहीत. या सगळ्याला तासभर किंवा थोडा जास्त वेळ जातो.

स्वयंपाकघरातलं उदाहरण द्यायचं तर फोडणीत दहा मिरच्या करपल्या की घरातले सगळेच खोकतात. अर्धी मिरची करपली आणि एकटीच बाई खोकून बेजार झाली, तर तिचं काहीतरी वेगळं आहे. कोण खोकतं एवढंच बघून भागत नाही, किती कमी मिरचीला खोकतं तेही बघावं लागतं. औषधाचंही तसंच. मिलिलिटरला १६ मिलिग्रॅमपर्यंत तीव्रता वाढवूनही आकडा २० टक्के घसरला नाही, तर नळी चिडखोर नाही. ४ ते १६ च्या मध्ये घसरला तर काठावरचं. १ ते ४ मध्ये घसरला तर सौम्य चिडखोरपणा. आणि १ च्याही खाली घसरला तर चिडखोरपणा ठळक आहे.

मोजण्याची ही २० टक्क्यांची रीत कॅनडातल्या कॉकक्रॉफ्ट, हारग्रीव्ह आणि त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी १९७७ मध्ये नीट बसवून दिली. तेव्हापासून जगभर तिचाच आधार घेतला जातो.

आणखी एक प्रकार पळण्याचा आहे. काहींना फक्त दमछाक झाल्यावर त्रास होतो, विशेषतः शाळकरी मुलांना आणि खेळाडूंना. त्यांना पट्ट्याच्या यंत्रावर किंवा सायकलवर सहा ते आठ मिनिटं जोरात पळवतात आणि नंतर अर्धा तास थोड्या थोड्या वेळाने फुंकायला लावतात. मोठ्या माणसाचा आकडा १० टक्क्यांहून जास्त घसरला तर तपासणी सकारात्मक धरतात.

"मुद्दाम धाप कशाला लावायची?"

हे आम्हाला एका गटातल्या सासूबाईंनी विचारलं आणि बरोबरच विचारलं. उत्तर असं आहे. तपासणी दवाखान्यातच होते, डॉक्टर आणि औषध हाताशी असतं, ऑक्सिजन जवळ असतो. सुरुवात अगदी सौम्य मात्रेने करतात. थोडा खोकला येतो, छाती आवळल्यासारखी वाटते. तेवढंच होतं आणि पंप घेतला की बहुतेकांना लवकर बरं वाटतं.

मात्र ती सगळ्यांसाठी नाही. फुंकण्याचा आकडा आधीच फार कमी असेल, तीन महिन्यांच्या आत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल, रक्तदाब खूप वाढलेला असेल, तर ती करत नाहीत. गरोदर बाईला साधारणपणे ही तपासणी करत नाहीत. म्हणून पाळी चुकली असेल तर डॉक्टरांना न लाजता आधी सांगा. अंगावर पाजणाऱ्या आईनेही सांगावं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. "नळी चिडखोर आहे का बघू" म्हणून घरी कुणाला धूर देऊ नका, मिरची हुंगायला लावू नका, चढावर पळवू नका. दम्याच्या माणसाचा जीव त्यात जाऊ शकतो.

निकाल कसा वाचायचा?

इथे नीट लक्ष द्या, कारण घोटाळा इथेच होतो.

त्रास सध्या चालू आहे, दम्याचा पंप चालू नाही आणि तरीही तपासणी नकारात्मक आली, तर दमा असण्याची शक्यता फार कमी. डॉक्टरांनी दुसरं कारण शोधायला हवं. छातीत जळजळून वर येणारं पित्त, नाकामागून घशात उतरणारा शेंबूड, रक्त कमी असणं, हृदयाचा त्रास, काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी येणारा कोरडा खोकला अशी कितीतरी कारणं असू शकतात. आपल्याकडे बायकांच्या अंगात रक्त कमी असणं तर घरोघरी आहे आणि त्यानेही चढावर धाप लागते.

तपासणी सकारात्मक आली, तर मात्र लगेच दम्याचा शिक्का मारायचा नाही. नुसत्या नाकाच्या ॲलर्जीत नळी चिडखोर असू शकते. जोराच्या सर्दी-तापानंतर काही आठवडे ती तशी राहते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची आणि वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात बसलेल्या बाईचीही असू शकते. म्हणून लक्षणं आणि तपासणी यांची सांगड घालूनच डॉक्टर निदान करतात. येणारी-जाणारी धाप, पहाटेची घरघर आणि चिडखोर नळी हे सगळं जुळलं तर दमा.

दम्याचा स्टिरॉइडवाला पंप आधीपासून चालू असेल तर त्याने नळी शांत झालेली असते. दमा असूनही तपासणी नकारात्मक येऊ शकते. लाजाळूला आधीच औषध दिलेलं असेल तर ती मिटणार कशी? त्यामुळे कुठलं औषध, किती दिवस, हे सगळं डॉक्टरांना सांगावं लागतं.

मोजून बघण्याने काय फरक पडतो, याचं एक उदाहरण. कॅनडात गेल्या पाच वर्षांत डॉक्टरांनी "दमा आहे" असं सांगितलेल्या ६१३ मोठ्या माणसांची नीट तपासणी केली. फुंकण्याची तपासणी, श्वासनळीच्या चिडखोरपणाची तपासणी, औषध हळूहळू कमी करून बघणं, असं सगळं केलं. २०१७ मध्ये निकाल छापून आला. त्यातल्या २०३ जणांना त्या वेळी दमा नव्हता. तीन माणसांतलं एक! काहींचा दमा शांत झाला असेल, काहींना तो कधी नसेलही. थोड्या जणांना तर दम्याच्या नावाखाली हृदयाचं किंवा फुप्फुसाचं वेगळंच गंभीर दुखणं निघालं. पण हे ऐकून कुणीही आपला पंप स्वतःहून बंद करायचा नाही. त्या लोकांचं औषध डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजत मोजत कमी केलं होतं.

आपल्याकडे श्वासाच्या तक्रारी किती आहेत, तेही बघा. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशभरातल्या सात हजारांहून जास्त डॉक्टरांकडे आलेल्या दोन लाखांवर रुग्णांच्या तक्रारी नोंदवून घेतल्या. त्यातल्या निम्म्या रुग्णांना श्वसनाची काही ना काही तक्रार होती. एवढी माणसं खोकत-धापत डॉक्टरांकडे जातात, तर त्यातला दमा कुणाचा आणि दुसरं दुखणं कुणाचं, हे अंदाजाने ठरवून कसं चालेल?

गावात राहून काय करता येईल?

मेथॅकोलिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होत नाही. ती छातीच्या तज्ज्ञांकडे, मोठ्या रुग्णालयात होते. रत्नागिरीहून कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागू शकते. त्यामुळे उठून निघण्याआधी फोन करून विचारा, ही तपासणी तुमच्याकडे होते का, कोणत्या दिवशी, किती पैसे लागतील. नुसती स्पायरोमेट्री मात्र जवळच्या मोठ्या दवाखान्यातही मिळू शकते, तिथून सुरुवात करा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सगळ्यात आधी थुंकीची तपासणी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते, आशाताईंना सांगा.

प्रत्येकीला मेथॅकोलिनची तपासणी लागतही नाही. पीक फ्लो मीटर नावाचं एक साधं, हातात मावणारं नळकांडं मिळतं. त्याला वीज लागत नाही. नळ्या दिवसभरात किती आवळतात आणि सुटतात, ते त्यावर घरबसल्या दिसतं. डॉक्टरांना विचारून ते घ्या आणि दोन आठवडे वही ठेवा.

उभं राहायचं. काटा शून्यावर आणायचा. छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि मेणबत्ती विझवल्यासारखी एकच जोराची फुंकर मारायची. असं तीन वेळा करायचं आणि तिन्हींतला मोठा आकडा लिहायचा. सकाळी उठल्यावर एकदा आणि संध्याकाळी एकदा. पंप घेत असाल तर फुंकण्याआधी घेतला की नंतर, तेही लिहायचं.

बचत गटाची वही लिहिणाऱ्या बाईला पुढचा हिशोब अवघड नाही. समजा सकाळी २४० आणि संध्याकाळी ३०० आलं. फरक ६०. दोन्हींची सरासरी २७०. साठाला २७० ने भागून शंभराने गुणलं की २२ टक्के. असं रोजचं काढायचं आणि दोन आठवड्यांची सरासरी करायची. मोठ्या माणसात ती १० टक्क्यांच्या वर, लहान मुलात १३ टक्क्यांच्या वर असेल तर नळ्यांमध्ये चढउतार जास्त आहे आणि दम्याच्या बाजूचा पुरावा मिळाला. सकाळी ३५० आणि संध्याकाळी ३६० येणाऱ्या बाईचा फरक तीन टक्क्यांच्या आसपास येतो, तो सगळ्यांचाच असतो.

आकड्याशेजारी त्या दिवशी काय केलं तेही लिहा. चूल ओली होती का? भाजावळ केली का? भाताची झोडणी, चिरेखाणीवरची धूळ, काजूची टरफलं जाळली, आंब्यावर फवारणी झाली, मशेरी भाजली, पावसाळ्यात भिंतीला बुरशी आली, गोधडी झाडली, मच्छर अगरबत्ती लावली. मच्छर अगरबत्तीबद्दल २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक गोल अगरबत्ती जळून संपेपर्यंत त्यातून निघणारे बारीक धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातल्या कणांइतके होते. दारं-खिडक्या लावून, उशाशी ती लावून झोपणारी किती घरं आहेत, आठवून बघा.

सुट्टीच्या दिवशी, माहेरी गेल्यावर, कामावर नसताना आकडा सुधारतो का, हेही बघा. कारखान्यातल्या किंवा खाणीवरच्या कामाने दमा होत असेल तर तो वहीत असा पकडला जातो.

ही वही डॉक्टरांसमोर ठेवली की तुमची धाप आकड्यांत दिसते. "मला कसंतरी होतं" यापेक्षा "गेल्या बुधवारी पहाटे २१० होतं" हे डॉक्टरांना लगेच समजतं. घरच्यांनाही समजतं. आमच्या एका गटातल्या वहिनीच्या नवऱ्याने तिची वही वाचली आणि त्याच आठवड्यात चूल पडवीतून बाहेर, मोकळ्या खोपीत हलवली. तोंडी सांगून दोन वर्षं जे झालं नव्हतं, ते कागदाने झालं.

तपासणीला जाताना

* चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, पंप, डोळ्यांत घालायची औषधंसुद्धा पिशवीत घालून न्या.
* कुठलं औषध किती तास आधी थांबवायचं, ते तपासणी करणाऱ्यांनाच विचारा. काही पंप काही तास, तर काही दीड-दोन दिवस थांबवावे लागतात. स्वतःच्या मनाने बंद करू नका. थांबवल्यावर त्रास वाढला तर पंप घ्या आणि तारीख पुढे ढकला.
* चहा चालेल का, तेही विचारून घ्या. पोट गच्च भरेल एवढं जेवू नका. घट्ट ब्लाउज, घट्ट परकर नको, छाती मोकळी हलायला हवी.
* सर्दी-ताप असेल किंवा नुकताच होऊन गेला असेल तर आधी कळवा.
* कुणीतरी सोबत न्या. नवरा येत नसेल तर गटातली मैत्रीण चालते.

दमा निघाला तर

घाबरू नका. दमा बहुतेकांचा आटोक्यात राहतो. लावणीही करता येते, डोक्यावर भाराही घेता येतो. औषध पंपातून घ्यावं लागतं, कारण ते थेट नळीत पोहोचतं आणि थोड्या मात्रेत काम करतं. पंपाची सवय लागते, हा गैरसमज आहे. चष्म्याची सवय लागते म्हणून कुणी आंधळं फिरत नाही. धाप लागली की तेवढ्यापुरता सुटका करणारा पंप मारून भागवणं धोक्याचं आहे. सूज कमी करणारं औषध नियमित हवं. २०१९ पासून दम्याचे जागतिक मार्गदर्शक नियमही हेच सांगतात. गरोदरपणात पंप परस्पर बंद करणारी बाई स्वतःला आणि बाळाला दोघांनाही धोक्यात घालते.

लग्नाच्या मुलीच्या पर्समध्ये पंप दिसला तर लोक काय म्हणतील, म्हणून पंप लपवणाऱ्या आया आम्ही पाहिल्या आहेत. पंप लपवता येतो, ॲटॅक लपत नाही. मृगाला हैदराबादला जाऊन मासा गिळणारी माणसंही आपल्या ओळखीत असतील. त्याने दमा जातो असं कुठल्याही तपासणीने दाखवलेलं नाही. पुड्यांमधून मिळणाऱ्या नाव नसलेल्या औषधांपासूनही सांभाळा. त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असेल तर आधी बरं वाटतं, मग साखर, रक्तदाब आणि हाडं बिघडतात.

एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर झाले, गळ्याखाली खड्डे पडायला लागले, पंपाने फरक पडत नाही, असं दिसलं तर वाट बघू नका. माणसाला बसतं ठेवा, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप द्या आणि १०८ ला फोन करा.

गटाने काय करायचं?

पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्या. आपल्या गटात पहाटे धाप लागणाऱ्या कोण आहेत? थुंकी तपासली का? स्पायरोमेट्री झाली का? ज्यांची झाली नाही त्यांची यादी करून आशाताईंकडे द्या. गटाच्या आरोग्य निधीतून एक पीक फ्लो मीटर घेता येईल, पण तोंडात धरायची नळी प्रत्येकीची वेगळी हवी. तपासणीसाठी कर्ज मागायला आलेल्या बाईला "आधी घरी विचार" म्हणून परत पाठवू नका. म्हैस घ्यायला आपण कर्ज देतो, तिचं दूध काढणाऱ्या बाईच्या श्वासासाठीही देऊ या.

पुढच्या वेळी आपण पंप आणि स्पेसर नीट कसा वापरायचा, ते शिकणार आहोत. घरात पंप असेल तर तो समोर घेऊन बसा. तोवर वही सुरू करा.